आईला फिरवायचं नाही, आपण फिरायचं: डिमेन्शियाची देखभाल भावंडांत कशी वाटून घ्यायची

आधी कबुली देते. दोन वर्षं मी तीच नणंद होते जी सहा आठवड्यांतून एकदा नाशिकहून डोंबिवलीला यायची, दोन दिवस राहायची, आईशी गप्पा मारायची आणि निघताना चपला घालता घालता वहिनीला म्हणायची, "मला तर आई बरीच वाटली गं, तू उगाच टेन्शन घेतेस." वहिनी काही बोलायची नाही, डबा हातात द्यायची. आई आयुष्यभर प्राथमिक शाळेत बाई होती, आणि शाळा तपासायला साहेब आले की वर्ग कसा चिडीचूप बसतो, तशी ती माझ्यासमोर सावरून बसायची हे मला तेव्हा कळतच नव्हतं. आल्यागेल्यासमोर डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेली माणसं स्वतःला ओढूनताणून नीट ठेवतात आणि पाहुणा गेला की घरच्यांसमोर सगळं कोसळतं. लांब राहणाऱ्या भावंडांनो, तुम्हाला दिसते ती आई म्हणजे अख्खी आई नाही, एवढं आधी मान्य करा, पुढचं मग सोपं जाईल.

मग वहिनीच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन निघालं, ती पंधरा दिवस सांगलीला गेली आणि मी रजा टाकून आले. तिसऱ्या रात्री तीन वाजता आवाज आला म्हणून उठले तर आई स्वयंपाकघरात, ओट्यावर रव्याचा डबा उपडा, आणि ती ओंजळीने रवा परत भरतेय. मला बघून म्हणाली, "बाई, तुम्ही कोणाच्या?" पंधराव्या दिवशी वहिनी परत आली तेव्हा मी दारातच तिला मिठी मारली. ती हसली आणि म्हणाली, "आई बऱ्या आहेत ना? उगाच टेन्शन नाही ना घेतलंस?"

हे लिहितेय त्यात त्यानंतरच्या तीन वर्षांत आम्ही तीन भावंडांनी आणि वहिनीने जे बसवलं ते आहे, चुकांसकट. दादा-वहिनी आईबरोबर, मी नाशिकला, धाकटा न्यू जर्सीला. मी डॉक्टर नाही, गोळ्यांचं तुमच्या न्यूरॉलॉजिस्टनाच विचारा.

१. निदान सगळ्यांनी एकदमच ऐका

आमच्याकडे झालं काय, की डॉक्टरांनी दादाला सांगितलं, दादाने मला थोडं कमी करून सांगितलं, मी धाकट्याला आणखी कमी करून सांगितलं आणि त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत "वयाप्रमाणे थोडा विसरभोळेपणा" एवढंच उरलं. मग तो फोनवर आईला बदाम खायला सांगायचा. दुसऱ्या वेळी आम्ही डॉक्टरांना विचारून त्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं, आणि जे मी सहा महिन्यांत पटवू शकले नव्हते ते वीस मिनिटांत झालं.

त्या भेटीत विचारायचं ते आधी लिहून न्या: कुठल्या प्रकारचा डिमेन्शिया आहे, बी-१२ आणि थायरॉइड तपासलंय का (या दोन्हीच्या कमतरतेनेही विसरायला होतं आणि ते सुधारता येतं), पुढच्या वर्षभरात काय काय दिसू शकेल, गोळीने काय होईल आणि काय होणार नाही. डोनेपेझिल, मेमँटिन वगैरे गोळ्यांनी काही जणांना काही काळ बरं वाटतं, पण आजार उलटा फिरत नाही, हे सगळ्यांच्या कानांवर एकाच वेळी पडायला हवं. नाहीतर कोणीतरी कायम नवीन डॉक्टर शोधत बसतं आणि घरात असलेल्यावर "तुम्ही नीट ट्रीटमेंट करत नाही" असा ठपका येतो.

आणि लपवू नका, निदान बिल्डिंगमधे तरी. भारतातल्या मोठ्या पाहणीचा २०२३ मधे छापून आलेला अंदाज असा की साठीच्या वरच्या शंभरातल्या साधारण सात जणांना डिमेन्शिया आहे, म्हणजे ८८ लाख माणसं. आम्ही वॉचमन, इस्त्रीवाला आणि खालचा किराणावाला यांना सरळ सांगितलं की आजी एकट्या गेटबाहेर दिसल्या तर थांबवा आणि फोन करा. दोनदा उपयोग झालाय.

२. सात दिवस नुसती वही लिहा, वाटणी नंतर

यात सगळ्यात जास्त वेळ घाला. वाटणी करायला बसलं की लोक म्हणतात, "काय काय असतं एवढं, अंघोळ, जेवण, गोळ्या." तर बसायच्या आधी एक आठवडा, जो घरात आहे त्याने जे जे केलं ते तसंच्या तसं लिहायचं. आमची दोनशे पानी वही, फ्रिजच्या हँडलला सुतळीने बांधलेली, शेजारी पेन पण बांधलेलं कारण पेन आई उचलून ठेवायची. वहिनीच्या अक्षरातलं एक पान असं होतं:

"६.४० उठल्या. चादर ओली. ७.०५ दात घासायला नाही म्हणाल्या, पेस्ट खाल्ली. ७.३० चहा, दोन वेळा दिला, पहिला विसरल्या. ८.१५ गोळी तोंडातून काढून कुंडीत. ८.२० परत दिली, केळ्यात घालून. ९ ते ९.४० अंघोळीसाठी विनवण्या. ९.४० अंघोळ झाली, मला चापट मारली."

हे सकाळचे पहिले तीन तास. त्या मंगळवारी एकूण चव्वेचाळीस नोंदी होत्या. दादा त्याच घरात राहतो, रोज साडेआठला निघतो, त्याने ते पान वाचलं आणि काही न बोलता बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

वहीत दुसरा एक रकाना करा, लक्षात ठेवायच्या कामांचा. डायपर किती उरले, गोळी कुठल्या तारखेला संपते, नखं कधी कापली, पोट किती दिवसांपूर्वी साफ झालं, पेन्शन जमा झाली का, देखभालीच्या कामाच्या मावशी कोणत्या दिवशी सुट्टीवर आहेत. ही कामं दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत, आणि माणूस थकतो तो खरं तर यांनीच.

३. बैठक, पण सणावारी नाही

आमची पहिली बैठक गौरी-गणपतीत झाली, सगळे आलेलेच आहेत तर बोलून घेऊ म्हणून. आत्या, काका, दोन मावश्या, सगळ्यांनी मतं दिली, एकाने ब्राह्मीचं तूप सुचवलं, एकीने वहिनीला "सेवा केलीस तर पुण्य आहे" असं ऐकवलं आणि शेवटी वहिनी मोदकांची भांडी घासायला उठून गेली. ती बैठक धरूच नका.

दुसरी बैठक फक्त चौघांची, रविवारी, धाकटा व्हिडिओवर. नियम दोनच होते. पहिला अर्धा तास जो रोज करतो तोच बोलणार, बाकीच्यांनी मधे "अगं पण" म्हणायचं नाही. आणि रोजच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याचाच. अंघोळ रोज घालायची की दिवसाआड, डायपर दिवसा लावायचा की नाही, हे नाशिकहून ठरत नाही. ऑपरेशन, पैसे, घर बदलणं यांसारखं मोठं काही असेल तर चौघांनी मिळून.

आणि आजार सुरुवातीचा असेल तर आईलाही विचारा, पण ती तिथे नाहीच अशा थाटात तिच्यासमोर चर्चा करू नका, शब्द कळले नाहीत तरी सूर कळतो. आम्ही उशीर केला. तरी ती एक वाक्य नीट बोलली होती, "मला माझ्या खिडकीपाशी राहू द्या." पुढे एका मोठ्या निर्णयाला ते वाक्य कामाला आलं.

४. "काही लागलं तर सांग" बंद, अख्खं काम घ्या

"काही लागलं तर सांग हं" हे वाक्य मी दोन वर्षं म्हटलं. त्याचा अर्थ असा होतो की काय लागेल ते तूच ओळख, तूच ठरव, तूच फोन कर, मला वेळ आहे का ते तूच बघ, आणि मग मी उपकार करीन. म्हणून तुकडे वाटायचे नाहीत, एक काम डोक्यासकट द्यायचं.

माझ्याकडे औषधं आणि डॉक्टर आले. नाशिकला बसून कसं? तर गोळ्या मी ऑनलाइन मागवते, महिन्याच्या २२ तारखेला, घरपोच जातात. सगळी प्रिस्क्रिप्शन आणि रिपोर्ट स्कॅन करून एका पीडीएफमधे, सगळ्यात वर एक पान: आजार, चालू गोळ्या आणि वेळा, कशाची ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर. अपॉइंटमेंट मी घेते आणि तीन महिन्यांतून एकदा मीच येऊन घेऊन जाते. रविवारी आठवड्याचा गोळ्यांचा डबा दादा भरतो आणि मला फोटो टाकतो. मी एकदा त्या फोटोत गुरुवारी दोन सारख्या गोळ्या पकडल्या होत्या.

वहीचा उपयोग इथेही झाला. "रात्री स्वप्न पडून ओरडल्या" अशा नोंदी आठवड्यात चार दिवस दिसल्या, त्या मी डॉक्टरांना वाचून दाखवल्या आणि त्यांनी रात्रीची डोनेपेझिल सकाळी द्यायला सांगितली. ओरडणं बरंच कमी झालं. आणि हो, कोणी घरातल्या घरात सर्दीची गुंगी येणारी गोळी देऊ नका, अशा बऱ्याच गोळ्यांनी गोंधळ वाढतो, आधी विचारा.

दादाने शुक्रवारची आणि शनिवारची रात्र घेतली. म्हणजे त्या दोन रात्री आई उठली तर उठायचं त्याने, चादर बदलायची त्याने, वहिनी दुसऱ्या खोलीत दार लावून झोपणार. दार लावून हे महत्त्वाचं आहे, कारण उघडं असलं की ती उठतेच.

धाकट्याचं मात्र कोडं होतं. सुरुवातीला तो फक्त पैसे पाठवायचा आणि त्याला वाटायचं आपलं झालं. आईची कातरवेळ फार वाईट जाते, दिवेलागणीच्या सुमाराला ती पिशवी भरून दाराशी उभी राहते, "चला, घरी जायचंय, अण्णा वाट बघत असतील." अण्णा म्हणजे तिचे वडील, ते जाऊन चाळीस वर्षं झाली. नेमकी तीच वहिनीची स्वयंपाकाची वेळ. मग लक्षात आलं की इथे संध्याकाळी साडेसहा म्हणजे त्याच्याकडे सकाळचे नऊ, हिवाळ्यात आठ. तर आता रोज साडेसहाला तो व्हिडिओ कॉलवर येतो, कॉफीचा मग घेऊन, आणि दोघं पाढे म्हणतात. तो मुद्दाम चुकतो. "तेरा सत्ते नव्वद." आई लगेच, "एक्क्याण्णव! लक्ष कुठे आहे तुझं?" त्याचं नाव तिला आठवत नाही पण तेराचा पाढा एकदम पक्का. वीस-पंचवीस मिनिटं निघतात, पोळ्या होतात, आणि पिशवी दाराशीच विसरली जाते. आठ हजार मैलांवरून त्याने घेतलेलं हे काम माझ्या मते आमच्या सगळ्यांत भारी आहे.

फोन नसेल तेव्हा काय? "हेच तुझं घर आहे, अण्णा वारले" असं अजिबात सांगायचं नाही, तिला ते दर वेळी नव्याने कळतं आणि ती दर वेळी नव्याने रडते. "चहा घेऊन निघूया" म्हणायचं, आणि चहा करायचा.

५. आईला फिरवू नका

आपल्याकडे वाटणी म्हटलं की पहिलं हेच सुचतं, चार महिने थोरल्याकडे, चार महिने धाकट्याकडे, चार महिने मुलीकडे. ऐकायला अगदी न्याय्य वाटतं. आम्हीही केलं, दीड महिना आईला नाशिकला आणलं. पहिल्याच आठवड्यात तिला संडास सापडेना, रात्री बाल्कनीचं दार संडासाचं समजून उघडायला गेली, डोंबिवलीत स्वतः जेवायची ती इथे भरवावं लागायला लागलं. परत गेल्यावर थोडं सावरलं, पण जेवणाचं पूर्ण परत आलं नाही.

कारण साधं आहे. नवीन लक्षात ठेवायची ताकद गेलेली असते, जुन्या घरात मात्र पाय आपोआप चालतात, बेसिन कुठे, देव कुठे, खिडकी कुठे. घर बदललं की ती आपोआप चालणारी गोष्टही काढून घेतल्यासारखं होतं. म्हणून जमेल तोवर आई एका जागी, फिरायचं ते आपण. मी दर दोन महिन्यांनी आठ दिवस डोंबिवलीला येते आणि त्या आठ दिवसांत दादा-वहिनी घरात थांबत नाहीत. घरात असले की आई वहिनीलाच शोधते आणि वहिनी उठतेच, विश्रांती नावालाच. ज्यांना हलवावंच लागतंय, त्यांनी निदान एकदाच हलवा, आणि पलंग, चादर, खुर्ची, भिंतीवरचं घड्याळ हे बरोबर न्या.

६. चार्ज द्या-घ्या

सरकारी ऑफिसात बदली झाली की चार्ज देतात ना, तसं. मी पोचल्यावर पहिला एक दिवस वहिनी बरोबर असते, मग जाते. फ्रिजवर "आईचं पान" आहे, त्यात आजार एका ओळीत आणि सवयी वीस ओळींत. चहा स्टीलच्या पेल्यात, कपात नाही. लघवीला "जाऊन येते" म्हणते. डाव्या कानाने ऐकू कमी येतं, उजवीकडून बोला. दहीभात पांढऱ्या ताटलीत देऊ नका, तिला दिसतच नाही, हिरव्या ताटलीत द्या. (हे आम्हाला फार उशिरा कळलं, आम्ही समजत होतो भूक गेली.) चमचा धरवत नसेल तर इडलीचे तुकडे, छोटे लाडू, पोळीची सुरळी, हातात धरून खाता येईल असं. अंघोळीला डोक्यावरून एकदम पाणी नको, आधी पायावर, आणि खांद्यावर टॉवेल राहू द्या, उघडं वाटलं की ती घाबरते आणि मग चापट.

व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त दोनच गोष्टी: सकाळी तयार झाल्यावर आईचा एक फोटो आणि रात्री दोन ओळी. फोटोमुळे ती बरी आहे हे कळतं आणि त्या दिवशी अंगावर कुठले कपडे आहेत हेही, ते का लागतं ते पुढे सांगते. त्या ग्रुपवर सुविचार, घरगुती उपाय आणि "आईला डार्क चॉकलेट द्या" वगैरे फॉरवर्ड टाकायला बंदी आहे.

७. पैसे आणि सह्या, यात उशीर करू नका

आईच्या नावाचं वेगळं खातं, त्यात तिची पेन्शन आणि आम्हा तिघांचे ठरलेले पैसे, आणि सगळा खर्च त्यातूनच. हिशोब धाकटा ठेवतो, एक्सेलमधे, सगळ्यांना दिसेल असा. वहिनीने शिकवण्या बंद केल्या होत्या, महिन्याचे बारा हजार मिळायचे, ते आता या खात्यातून तिला जातात. पहिल्यांदा ती म्हणाली, "आईंचे पैसे मी कसे घेऊ?" मी म्हटलं, ब्युरोच्या बाईंना आपण अठरा हजार देतो तेव्हा लाज वाटत नाही ना. आपल्या घरांत सुनेच्या कामाला किंमत लावली की ते अपमान समजतात, माझ्या मते न लावणं हा अपमान आहे.

सह्यांचं मात्र खरंच घाईचं आहे. मुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ ॲटर्नी, आईला समजतंय तोवरच करता येतं, आणि लोकांना माहीत नसतं ते हे की तिची समज पूर्ण गेली की आपल्या कायद्याप्रमाणे ते मुखत्यारपत्रही संपतं. मग मोठ्या व्यवहारासाठी कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागतो, त्यात महिने जातात. म्हणून सुरुवातीलाच बँकेतलं खातं जॉइंट आणि "आयदर ऑर सर्व्हायव्हर" (दोघांपैकी कोणालाही चालवता येईल असं) करा, सगळीकडे नॉमिनी बघा, मृत्युपत्र करायचं असेल तर तेव्हाच, समज शाबूत असल्याच्या डॉक्टरांच्या सर्टिफिकेटसह. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आपल्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवायची आणि आपल्या वतीने बोलणारा माणूस नेमायचीही सोय आहे, वकिलांना विचारा.

बारीकसारीक: पेन्शनसाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो, तो आता मोबाइलवर चेहरा दाखवून किंवा पोस्टमन घरी बोलावून होतो, आईला बँकेत ओढत नेऊ नका. सत्तरीच्या वरच्यांना बँकेने घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे, मॅनेजरना लेखी अर्ज द्या. सत्तरी पूर्ण झालेल्या कोणालाही आयुष्मान कार्ड निघतं, उत्पन्नाची अट नाही, पाच लाखांपर्यंत, पण ते ॲडमिट झाल्यावरच्या खर्चाला, रोजच्या देखभालीला नाही. दादा सध्या ते कार्ड काढायचं गेले दोन महिने "करतो" म्हणतोय, हे त्याने वाचावं म्हणून इथे लिहिलं.

८. पाटल्यांचं प्रकरण

एक दिवस आईने मला फोनवर हळू आवाजात सांगितलं, "सुनेने माझ्या पाटल्या घेतल्या." आणि खरं सांगते, मला एक क्षण शंका आली. मी दादाला विचारलं, दादाने वहिनीला विचारलं, आणि वहिनी तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. पाटल्या पाचव्या दिवशी तांदळाच्या डब्यात सापडल्या, रुमालात गाठ मारून.

चोरीचा आळ हे या आजाराचं नेहमीचं लक्षण आहे आणि तो बहुतेक वेळा त्याच्यावरच येतो जो सगळ्यात जास्त करतो. तेव्हा आत्ताच, भांडण व्हायच्या आधी, सगळ्या भावंडांनी एकत्र बसून दागिन्यांचे फोटो काढा, यादी करा, लॉकरमधे ठेवा, यादीवर सगळ्यांच्या सह्या. आईच्या हातात बेन्टेक्सच्या पाटल्या घाला. आणि आळ आला की "शोधूया आपण दोघी" म्हणायचं, "कोणी नाही घेतल्या" असं म्हणायचं नाही, कारण त्यावर ती म्हणते, म्हणजे मी खोटं बोलते?

९. बाई ठेवणं

आम्ही एक वर्ष उगाच थांबलो, लोक काय म्हणतील म्हणून. आता दिवसा बारा तास मावशी असतात. ब्युरोतून घ्या किंवा ओळखीतून, पण आधार कार्डाची कॉपी आणि पोलिसांकडे नोंद कराच. पहिले सात दिवस त्यांच्याबरोबर कोणीतरी घरात हवं. आठवड्याची सुट्टी ठरवून द्या आणि त्या दिवशी कोण ते आधीच लिहा. मावशींना सूचना एकाच माणसाने द्यायच्या, आमच्याकडे वहिनीने, मी फोनवरून "दूध दिलं का" विचारायचे तेव्हा त्या सोडून जायच्या बेतात आल्या होत्या. आधीच्या एक बाई आईला दिवसभर टीव्हीसमोर बसवून फोनवर असायच्या, आरडाओरडा न करता त्यांना महिन्याचा पगार देऊन निरोप दिला. शहरात डिमेन्शियासाठी डे केअर असेल तर आठवड्यातून दोन दिवसही पुरतात. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून आहे, त्यांच्याकडे चौकशी करा, आणि सरकारची ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तिथेही.

१०. अचानक बिघडलं तर, हरवली तर

डिमेन्शिया महिन्यांनी सरकतो. दोन दिवसांत एकदम गळून गेली, झोपून राहायला लागली, नसलेली माणसं दिसायला लागली, तर तो "आजार वाढला" असं समजून बसू नका. लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, नवीन गोळी, पडून डोक्याला लागलेलं, यातलं काही असू शकतं आणि म्हाताऱ्या माणसांत ताप येईलच असं नाही. त्याच दिवशी डॉक्टर. आमच्याकडे एकदा लघवीचं इन्फेक्शन निघालं, उपचारांनी आठवडाभरात ती परत पाढ्यांवर आली.

हरवण्यासाठी: दाराला वर, नजरेच्या पलीकडे एक जादा कडी, पण घरात कोणी नसताना बाहेरून कुलूप घालून जाऊ नका. गळ्यात किंवा हातात नाव आणि दोन फोन नंबर. हरवली की पहिली दहा-पंधरा मिनिटं बिल्डिंग, जिना, गच्ची, रोजचं देऊळ, आणि त्याच वेळी दुसऱ्याने ११२ ला फोन. सकाळचा फोटो इथे लागतो, अंगावर काय होतं हे घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. आई एकदा स्टेशनच्या रस्त्याला लागली होती, शाळेत जायचंय म्हणून. इस्त्रीवाल्याने पाहिलं आणि "बाई, आज सुट्टी आहे" म्हणून परत आणलं. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

११. एखादा काहीच करत नसेल तर

असतोच. त्याला टोमणे मारून आमच्या ओळखीत कोणी बदललेलं मी पाहिलेलं नाही. वहीची पानं पाठवा, एक छोटं पण अख्खं काम नावाने द्या, आणि एकदा तरी पूर्ण चार दिवस एकट्यावर सोपवा. पंधरा दिवस नकोत, त्यात माझ्यासारखी दातखीळ बसते. तरीही नाहीच, तर पैसे मागा, सरळ, आकड्यात. अगदीच वाईट वेळ आली तर २००७ चा आई-वडिलांच्या पालनपोषणाचा कायदा आहे, प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, पण तिथपर्यंत गेलं की घर घर राहत नाही, मी तरी शेवटचा उपाय म्हणूनच सांगीन.

आणि जो घरात आहे त्याची झोप उडाली, जेवण जाईना, सारखं रडू येतंय, आईवर हात उचलावासा वाटला, तर ते बैठकीत बोला, त्याच आठवड्यात. १४४१६ वर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. वहिनीने एकदा केला होता फोन, आम्हाला नंतर वहीतून कळलं. "११.१५ टेलिमानसला बोलले. बरं वाटलं." एवढंच, दोन नोंदींच्या मधे. रोज काळजी घेणाऱ्यावर हे थांबवायची वेळ आली, चांगलं केअर होम बघायची वेळ आली, तर ज्यांनी रात्री काढल्या नाहीत त्यांनी "आई-वडिलांना असं ठेवतात का" हे वाक्य गिळायचं. आमच्यावर अजून ती वेळ नाही, आईची खिडकी अजून तिच्याकडे आहे.

सध्या सातवी वही चालू आहे. शुक्रवारपासून माझा चार्ज, दादा-वहिनी चार दिवस गुहागरला चाललेत. वहिनीने कालच ग्रुपवर लिहिलंय, "मावशींची सुट्टी रविवारी. हिरवी ताटली घासून ठेवली आहे. रव्याचा डबा वरच्या फळीवर."